दोन बाटल्या आणि चिमूटभर मीठ

इन्स्पेक्टर साहेबांनी पाण्याच्या दोन बाटल्या रुक्मिणीबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवल्या, कारण त्यांच्या मते सगळ्या सोनाळा गावात तेवढी निर्धास्त जागा दुसरी नव्हती. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. जमीन रोज सारवलेली, पितळेची भांडी चिंचेनं घासून ओळीनं लावलेली, चुलीचं पोतेरं कधी चुकलेलं नाही. गल्लीतल्या सासवा सुनांवर चिडल्या, की म्हणत, "जाय, रुक्मिणीचं घर पाहून ये एकडाव."

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी होती आणि गावोगावच्या विहिरी तपासायचा उत्साहही नवा होता. या गल्लीत विहिरी दोन. एक रुक्मिणीबाईंच्या अंगणातली, गोड पाण्याची. दुसरी शेजारच्या इंद्रभानची, जराशी खारट. वामनराव इन्स्पेक्टरांनी दोन्हींचं पाणी भरून घेतलं, बाटल्यांवर एक आणि दोन असे आकडे टाकले, बुचं नुसती टेकवली आणि बॅगेतून लाखेची कांडी काढली. तेवढ्यात रुक्मिणीबाईंचे यजमान पंजाबराव म्हणाले, "साहेब, पयले जेवून घ्या. पानी कुठं पळून जाते?"

पाणी पळून गेलं. तेही साहेबांची दुसरी पोळी संपायच्या आत.

झालं असं, की मांजर दुधाच्या शिंक्यावर टपून होतं. पोळी लाटता लाटता रुक्मिणीबाईंचं लक्ष गेलं आणि त्यांनी हातातलं लाटणं भिरकावलं. मांजर खिडकीतून निसटलं, लाटणं फडताळावर आदळलं. बाटल्या आडव्या झाल्या, बुचं चुलीपाशी घरंगळली आणि दोन विहिरींचं पाणी एक होऊन सारवलेल्या जमिनीत जिरून गेलं. बाटल्या मात्र फुटल्या नाहीत. फुटल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रुक्मिणीबाईंना पुढे कितीदा तरी वाटलं.

"अवं, पोळी आन!" ओसरीवरून पंजाबरावांचा आवाज आला.

विहीर अंगणात, आणि पाहुणा बरोबर अंगणासमोर जेवत बसलेला. सरकारी बाटल्या घेऊन त्याच्या डोळ्यांदेखत पाणी शेंदायला जायचं तरी कसं? रुक्मिणीबाईंनी कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं. माठातलं पाणी तरी कुठलं? आपल्याच विहिरीचं. त्यांनी एक नंबरची बाटली माठातून भरली. दोन नंबरचीही भरली, आणि तिथे त्यांचा हात अडखळला. इंद्रभानच्या विहिरीचं पाणी गोड कसं असेल? ती तर लबाडी झाली. त्यांनी डब्यातलं चिमूटभर मीठ दुसऱ्या बाटलीत टाकलं, हलवलं, बोट घालून चाखून पाहिलं. बरोबर जमलं होतं. मग बुचं पुन्हा टेकवून त्या पोळी वाढायला गेल्या.

जेवणानंतर वामनरावांनी बुचांवर लाख ओतली आणि बाटल्या तपासणीला रवाना झाल्या.

अठरा दिवसांनी कागद आला. दोन्ही विहिरींच्या पाण्यात सारखेच जंतू, दोन्हींचं पाणी पिण्यास अयोग्य. ग्रामपंचायतीनं विहिरींवर फळ्या ठोकल्या. एप्रिलचं ऊन तापलेलं, आणि बायका डोक्यावर घागरी घेऊन मैलभर लांब नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर जाऊ लागल्या.

पुरुषांनी दुसरं काम हाती घेतलं. इंद्रभान भर रस्त्यात पंजाबरावांना म्हणाला, "तुह्या गोठ्याचं मूत मुरते माह्या विहिरीत. म्हनून सारखेच जंतू निंगाले."

"अन् तुह्या न्हानीचं पानी कुठं जाते बे? काशीले जाते?"

वीस वर्षं एका चंचीतलं पान खाणारे दोघे एकमेकांची सावली टाळू लागले. इंद्रभाननं पंचायतीत अर्ज दिला, की गोठा तिथून हलवावा. गोठा पंजाबरावांच्या वडिलांनी बांधलेला होता. पंजाबराव दोन दिवस धड जेवले नाहीत.

एकदा रुक्मिणीबाईंनी धीर करून सुरुवात केली, "मी काय म्हनतो, ते बाटलीतलं पानी..."

"पान्याचं नाव काढू नको माह्यापुढं!" पंजाबराव ओरडले, आणि रुक्मिणीबाईंना मनातून सुटल्यासारखं वाटलं. त्याची त्यांना लगेच लाजही वाटली. खरं सांगायचं म्हणजे विहिरी चांगल्या आहेत एवढंच सांगून भागणार नव्हतं. जंतू माझ्या माठात आहेत, असं सांगावं लागणार होतं. ज्या घराचा दाखला अख्खी गल्ली देत होती, त्या घराच्या माठात.

मग एक दिवस झिऱ्याच्या वाटेवर इंद्रभानची आई अंबूबाई घागरीसकट पडली. मनगट टम्म सुजलं. रुक्मिणीबाई हळद-चुना गरम करून घेऊन गेल्या. म्हातारीच्या मनगटाला लेप लावता लावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि सगळी हकिकत बाहेर आली. मांजर, लाटणं, माठ, मीठ.

अंबूबाईंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "मीठ किती टाकलं वं?"

"चिमूटभर."

"आमच्या विहिरीले दोन चिमटी लागते." म्हातारी हसली, हसताना मनगट दुखलं म्हणून कण्हली, आणि पुन्हा हसली. "पन इतके दिवस काऊन नाई बोलली, बाई?"

"माह्या माठाचं नाव गेलं असतं, मावशी."

अंबूबाईंनी लेप लावलेलं मनगट वर धरलं. मग म्हणाल्या, "माठाचं नाव राह्यलं, अन् मनगट माहं गेलं."

त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते रुक्मिणीबाईंना फार लागलं. "उद्या साहेब येनार हाय पंचायतीत," अंबूबाई म्हणाल्या. "मले सांगतलं तसं चारचौघात सांग. मी येतो तुह्यासंगं."

दुसऱ्या दिवशी पंचायतीसमोर रुक्मिणीबाईंनी सांगितलं. डोक्यावरचा पदर दोनदा घसरला, पण मीठसुद्धा गाळलं नाही. पंजाबराव जमिनीकडे पाहत राहिले. वामनरावांनी चष्मा काढून पुसला. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "बुचं बंद केल्याशिवाय मी पानावर बसायलाच नको होतं." त्यांनी त्याच पावली फळ्या काढायला लावल्या, दोन्ही विहिरींचं पाणी भरलं, उभ्या उभ्या लाख लावली आणि माठ मी पाहीपर्यंत तसाच ठेवा, असं बजावलं. पंजाबरावांनी त्यांना या खेपेला जेवायचा आग्रह केला नाही.

नवा कागद घेऊन वामनराव स्वतः आले. दोन्ही विहिरी चांगल्या. पंजाबराव आणि इंद्रभान विहिरीपाशी समोरासमोर उभे राहिले. शेवटी इंद्रभाननं चंची पुढे केली. "चुना जास्त झाला हाय," तो म्हणाला. पंजाबरावांनी पान घेतलं. गोठ्याचा अर्ज इंद्रभाननं त्याच दिवशी मागे घेतला.

"आता तो माठ पाहू," वामनराव म्हणाले.

अर्धी गल्ली त्यांच्यामागून रुक्मिणीबाईंच्या दारात आली. माठ बाहेरून लालबुंद, देखणा. वामनरावांनी आत हात फिरवून बाहेर काढला, तर बोटांवर हिरवट बुळबुळीत थर. "आतून कधी घासला होता, वहिनी?" रुक्मिणीबाई काही बोलणार, तोच बैलांना कडबा टाकून आलेले पंजाबराव सवयीनं आत शिरले. त्यांनी तशाच न धुतलेल्या हातानं मनगटापर्यंत माठात तांब्या बुडवला, वर काढला आणि गटागट प्यायले. मग इतकी माणसं आपल्याकडे का पाहताहेत, ते त्यांना कळेना.

"बुडव, पंजाबराव, बुडव!" इंद्रभान ओरडला आणि गल्ली खो खो हसत सुटली. कोपऱ्यावरच्या घरातल्या विमलबाई तर हसून हसून खालीच बसल्या.

वामनरावांनी हसू ओसरू दिलं. मग बॅग उघडली. "बारा बाटल्या आणल्या आहेत. उद्या येऊन घरोघरच्या माठांचं पाणी घेईन म्हणतो."

अंगण पाहता पाहता रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वामनराव आले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक ओट्यावर एकेक माठ उन्हात पालथा पडलेला होता. त्या घरांत तपासायला पाणीच नव्हतं. साहेबांच्या घशाला मात्र कोरड पडली होती. "प्यायला तरी मिळेल का?" त्यांनी विमलबाईंना विचारलं.

"पानी काऊन, साहेब? चहाच घ्या ना!" विमलबाई घाईघाईनं म्हणाल्या. पुढच्या घरी चहा, त्याच्या पुढेही चहाच. चौथा कप पोटात घेऊन, घाम पुसत वामनराव रुक्मिणीबाईंच्या ओसरीवर टेकले. इथेही चहाचं आधण चढणार म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

रुक्मिणीबाई घासून पुन्हा भरलेल्या माठातून लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पेला भरून घेऊन आल्या.

"प्या, साहेब," त्या म्हणाल्या. "गल्लीत बदनाम झालेला माठ एकच हाय. त्याच्यात आता लपवाले काई नाई."

वामनरावांनी पेला एका दमात रिकामा केला, आणि बॅगेकडे न वळता तो पुन्हा पुढे धरला.