परब सरांची परवानगी

परब सरांच्या दाराची बेल वाजवली की आतून काहीच हालचाल होत नाही. त्यांच्या मते बेल ही नुसती वर्दी. परवानगी वेगळी मागावी लागते. "मे आय कम इन, सर?" असं म्हटलं तरच कडी निघते. एकदा मी त्यांचंच टपाल द्यायला गेले आणि घाईत "कॅन आय" म्हणाले. आतून आवाज आला, "पाय धड आहेत ना? मग येऊ शकताच. येऊ का, ते विचारा!"

सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मी सेक्रेटरी. म्हणजे नोटिसा मी लिहायच्या आणि लाल पेनाने त्यांनी तपासायच्या. इमारतीत गुजराती, तमिळ, मराठी सगळेच, म्हणून नोटीस इंग्रजीत. गेटसमोर 'मेंबर्स कॅनॉट पार्क' लावलं, तर संध्याकाळपर्यंत खाली शेरा: 'पार्क करता येते, रोज कोणीतरी करून दाखवतो. मस्ट नॉट लिहा.' पुढे मांजरांना खायला घालू नये म्हणून मी शहाणपणाने 'मस्ट नॉट' लिहिलं, तर ते खोडून 'शुड नॉट'.

"सेक्रेटरीबाई, मस्ट म्हणजे हुकूम. मांजरांच्या बाबतीत सल्ला पुरे."

मला पाण्याचा टँकर बघायचा होता. मी वाद घातला नाही.

आमच्याकडे मासे घेऊन येते ती मनोरीची जयवंती. सकाळी साडेसातला सरांच्या दारात पाटी उतरवायची आणि भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, सरांच्याच घरून करायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. तिची लेक अमेरिकेत, पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, आणि जयवंतीचा व्हिसा एकदा नाकारलेला. खिडकीपलीकडचा साहेब काय विचारतोय ते तिला कळलंच नव्हतं. ती नुसती हसत राहिली होती. आता दुसरी तारीख मिळाली होती. या वेळीही नाही म्हटलं, तर पोरीला परमुलखात एकटीनेच बाळंत व्हायचं होतं.

सरांनी केस हातात घेतली. दोन महिने जिन्यात शाळा भरली. सर खुर्चीवर, जयवंती कोयत्यावर.

"विल यू कम बॅक?"

"हां."

"हां नाही! येस, आय विल."

"सर, तू आधी सांग, सुरमईचे तुकडे जाड करू की पातळ?"

"इंग्लिशमधे विचार. शॅल आय..."

"तुझं शॅल होईपर्यंत मासा सडेल रे!"

सर कोळिणीचं 'तू' मुकाट्याने ऐकून घेत. विल आणि शॅलची सरमिसळ मात्र त्यांना खपत नसे. शेवटी त्यांनी दोन पानी उत्तर लिहून तिच्याकडून पाठ करून घेतलं: घर मनोरीत, बोट मनोरीत, मुलगा-सून मनोरीत.

इंटरव्ह्यूच्या दिवशी दुपारी जयवंती थेट आमच्या जिन्यात आली. काठापदराची साडी, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"साहेब बोलला, हिंदी में बोलो. मी बोलली, नो साहेब! टू मंथ आय लर्न. आय विल स्पीक."

सरांनी डोळे मिटले. "मग?"

"मग विचारलं, परत येणार कशावरून? तुझी दोन पानं गेली ना डोक्यातून! वाट लागली. म्हटलं, साहेब, पावसात मासेमारी बंद, आमची बोट किनाऱ्याला. नारळी पुनवेला पाण्यात जाते. बोटीची पूजा माज्या हाताची. मी नाय तर बोट नाय. आय मस्ट कम. तू राहा म्हणालास तरी आय कॅनॉट!"

"आणि?"

"हसला. पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा दिला बोलला!"

"झकास!" परब सर ओरडले. हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकला नव्हता. सगळा मजला दारात आला. परवानगी न मागता आम्ही आठ जण त्यांच्या घरात शिरलो आणि पेढे संपवले.

उतरताना जयवंती मला हळूच म्हणाली, "ताई, सर मासे खात नाय. वहिनी गेली तेव्हापासून. वहिनी भवानी द्यायची म्हणून हा देतो. सगळं मांजरांना घालतो. मना ठाऊक हाय, पण मी कशाला बोलू?"

वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. इतकी सुरमई मांजरांच्या पोटात! मला तो 'शुड नॉट' आठवला.

जयवंती अमेरिकेला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेसातला मी जिना चढत होते. सर रिकामं ताट घेऊन दारात उभे होते. समोर चार मांजरं. थोड्या वेळाने ते आत गेले, दूधपोळी घेऊन आले आणि जयवंती बसायची त्या पायरीवर बसून कुस्करू लागले. मी आल्या पावली खाली वळले.

ऑफिसात बसून नवी नोटीस लिहिली: 'मिस्टर परब मे फीड द कॅट्स. अदर्स मस्ट नॉट.' खाली सही, शिक्का.

संध्याकाळी सर बोर्डापाशी आले. लाल पेनाचं टोपण काढलं. बराच वेळ वाचत उभे राहिले. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

सहा वर्षांत बिनचूक ठरलेली माझी ही पहिली नोटीस. ती मी अजून बोर्डावरून काढलेली नाही.