पाव इंची पातं गेलं कुठे?

"या घरात ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडली, तर मिशी उतरवीन!"

मामंजी हे भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला सुनावत होते. मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभी होते. ज्या वस्तूपायी त्यांची मिशी पणाला लागली होती, ती माझ्या काखेतल्या धुण्याच्या टोपलीत, ओल्या चादरीखाली, निवांत पडली होती.

"काय हरवलं, मामंजी?" मी विचारलं. चेहरा इतका निष्पाप केला होता, की माझा मलाच संशय आला.

"पाव इंची पातं! घोड्याचे कान काय दातांनी कुरतडू?"

लपवाछपवीत मला कुणी हरवू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. एकोणतीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्यापासून बिस्किटं लपवली, लेकीपासून टीव्हीचा रिमोट लपवला आणि सासूबाईंपासून त्यांच्याच फुटलेल्या कपबश्या लपवल्या. आजवर एकही प्रकरण उघडकीला आलेलं नाही!

पण हे प्रकरण वेगळं होतं. मामंजी सुतार. घरामागच्या शेडमध्ये त्यांचा बँडसॉ आहे. दोन मोठ्या चाकांवर करवतीची एक अखंड पट्टी ताणलेली असते आणि ती सर्रकन फिरत राहते. आपण लाकूड पुढे सरकवायचं. लाकूड कुठे संपतं आणि बोट कुठे सुरू होतं, हे तिला कळत नाही. "पन्नास वर्षं सुतारकी केली, आणि बोटं दहाच्या दहा!" असं म्हणत मामंजी आल्यागेल्याला दोन्ही पंजे पसरून दाखवायचे. पाहुणेही बिचारे मोजायचे.

गेल्या काही महिन्यांत मात्र मामंजींच्या हातातला कप बशीवर वाजू लागला होता. आधी कपबशी ऐकू यायची, मग मामंजी दिसायचे. आणि परवा लाकूड जरा हिसकलं आणि पात्याने त्यांच्या डाव्या तर्जनीचं नख उडवलं. नुसतं नख! "कापायचंच होतं," मामंजी म्हणाले. आम्ही सगळे हसलो. गरजेपेक्षा बरंच जास्त हसलो. त्यानंतर घरात हवापाण्यापासून शेजारच्यांच्या गच्चीपर्यंत सगळ्यावर चर्चा झाली, फक्त त्या नखावर झाली नाही. पन्नास वर्षांच्या कारागिराला "आता मशीनला हात लावू नका" हे सांगणार कोण?

त्यात रविवारी लेक येणार होती, वर्षाच्या बाळाला घेऊन. पणतीसाठी झुलता घोडा करायचा शब्द मामंजींनी देऊन ठेवला होता. म्हणून मी ठरवलं, सांगायचं कशाला? पातीच गायब करायची!

आता नेमकं कुठलं पातं गायब करायचं, हे कळायला मला मामंजींची जुनी वही चोरून वाचावी लागली. दुपारी दार लावून वाचायची. वयात आलेल्या मुलीने चिठ्ठ्या वाचाव्यात तशी! त्यात लिहिलं होतं: रुंद पातं सरळ जातं, अरुंद पातं वळतं. बास, मला सगळं लख्ख समजलं. पाऊण इंची पातं म्हणजे आमच्या थोरल्या वन्सं. एकदा दिशा धरली की वळायचं नाव नाही. जाड ओंडक्याच्या सरळ फळ्या पाडाव्यात तर त्यांनीच. पाव इंची म्हणजे आमचे हे! कुणीही कुठेही वळवावं, पण सरळ चाला म्हटलं की भरकटले. आणि अर्धा इंची म्हणजे मी. थोडं सरळ, थोडं वळण, घरातली बहुतेक कामं त्याच्याच गळ्यात!

घोड्याचे कान आणि मान म्हणजे बारीक वळणं. म्हणून सोमवारी पाव इंची पातं टोपलीतून थेट गोधड्यांच्या पेटीत गेलं.

मंगळवारी मामंजी म्हणाले, "कान राहू देत. आज घोड्याच्या पायाखालचे झुलते पाट कापतो. मोठा बाक आहे, अर्धा इंची चालेल."

अर्धा इंची कपाटामागे!

बुधवारी म्हणाले, "मग निदान ओंडका तरी फाडून घेतो. पाऊण इंची आण."

पाऊण इंची आमच्या गादीखाली! त्या रात्री आमचे हे तीनदा उठून बसले. "गादीला दात आलेत का गं?"

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. पातं मिळालं नाही की मामंजी खिळ्यावर डाफरायचे खरे, पण बाहेर पडताना शीळ घालायचे!

शुक्रवारी सासूबाईंना थंडी वाजली. मी स्वयंपाकघरात होते. पेटीची कडी वाजली आणि मला पातं आठवलं. बँडसॉचं पातं तीन वेटोळी घालून बांधतात, आणि मी ते बांधलं होतं केसांच्या रबराने!

"सूनबाईऽऽ! साप!"

धावत गेले तर दोन गोधड्या पंख्यावर, एक सासूबाईंच्या डोक्यावर, आणि खोलीभर पसरलेलं पातं अजून थुईथुई नाचत होतं. आमचे हे काठी घेऊन आले आणि त्यांनी पूर्ण ताकदीने उशीला मारलं.

"अहो, पातं आहे ते! मी लपवलं होतं," मला कबूल करावंच लागलं.

"तू?" हे खाली बसले. "मग मी स्विचची वायर कशाला काढून ठेवली?"

गोधडीच्या आतून सासूबाई म्हणाल्या, "आणि मी मशीनचा पट्टा पिठाच्या डब्यात कशाला घातला?"

म्हणजे घरात मी एकटीच हुशार नव्हते! मग सासूबाईंचं लक्ष पेटीच्या तळाशी गेलं. तिथे आणखी एक पाव इंची पातं होतं. नवं कोरं, नीट बांधलेलं, आणि राखाडी मफलरमध्ये गुंडाळलेलं.

"हे मी नाही ठेवलं," मी म्हणाले.

"मीही नाही," हे म्हणाले.

मफलर मामंजींचा होता.

दारात कपबशी वाजली. मामंजी उभे होते. पंख्यावरच्या गोधड्या बघितल्या, मफलर बघितला आणि शांतपणे म्हणाले, "सापडलं वाटतं. चला, घोडा करायचाय."

वायर आली, पिठाने माखलेला पट्टा आला, आणि सगळी वरात शेडमध्ये गेली. कुणी काही बोलण्याआधी मीच पुढे झाले. "मामंजी, वही वाचलीये मी. पातं मी लावते!"

लावलं. ताणलं. हाताने चाक फिरवून पाहिलं. मोठ्या ऐटीत बटण दाबलं आणि एक फुटकळ फळकूट पुढे सरकवलं. फळकूट थडथडलं, धूर निघाला, जळका वास सुटला, पण लाकडावर साधा ओरखडा नाही!

मामंजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं, दात वर करून लावलंस! दात खाली हवेत. पातं उलटव, पायजमा उलटवतो तसं."

त्यांनी मशीन बंद केली, पातं काढलं आणि स्वतःच उलटवायला घेतलं. त्यांच्या हातात ती पट्टी सळसळायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. थांबेचना.

आमचे हे छताकडे बघत म्हणाले, "वारा फार सुटलाय आज."

"हो ना, केव्हाचा!" सासूबाई म्हणाल्या.

शेडची खिडकी बंद होती. मीसुद्धा पदर सावरला. वाऱ्याचा मान ठेवायला!

मामंजींनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग पातं माझ्या हातात दिलं, दोन्ही पंजे पसरून दहाही बोटं एकदा नीट मोजली आणि सुस्कारा सोडून स्टुलावर बसले.

"वारा कसला डोंबलाचा? माझा हात थरथरतो. केव्हापासून वाट बघतोय, या घरात कुणीतरी बोलेल म्हणून! सूनबाई, काप तू. मी इथे बसून ओरडतो."