दोन दारांचा तंबू

आमच्या इमारतीच्या गच्चीवर मे महिन्यात, भर दुपारी, एक माणूस तंबू उभारून त्यात प्लास्टिकच्या स्टुलावर हेल्मेट घालून बसतो. मे महिना नागपूरचा, हे लक्षात घ्या. ज्या उन्हात कावळेसुद्धा आमच्या कूलरच्या टपावर येऊन बसतात, त्या उन्हात. मी वाळवण उचलायला वर गेले तेव्हा तंबूतून आवाज आला, "ताई, जरा बाहेरून पाहा बरं, हेल्मेट कापडाले टेकते का?"

पाहिलं. टेकत होतं.

"टेकतंय," मी म्हटलं.

"मंग हा बाद."

हे मेश्रामभाऊ. तळमजल्यावर राहतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत गादी, आणि मधे इतकी वाद्यं की आत शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागतं. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "करणारच होतो ना ताई. म्हटलं, दुरुस्तीले आलेली मशीनं संपू द्या." ती संपायचं काही चिन्ह नाही.

वाद्यं म्हणजे तबला-पेटी नव्हे, विजेवर चालणारी. ऑर्केस्ट्राच्या जमान्यातले जपानी कीबोर्ड, टेबलाएवढे ऑर्गन, ताल धरणारी रिदम मशीनं, आणि गायकाचा आवाज टेपवर घेऊन त्यालाच पुन्हा ऐकवणारी एको मशीनं. ज्यांनी ती बनवली तेही आता ती विसरले असतील. भाऊ विसरले नाहीत. कुठे मिळत नाही तो सुटा भाग त्यांच्या बिस्किटांच्या डब्यात हमखास सापडतो, फक्त कोणत्या डब्यात ते त्यांना सोडून कोणालाच सापडत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सुरुवातीला मी त्यांना दोनचार गोष्टी समजावून सांगायला गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "बरोबर आहे ताई, पुस्तकात तसंच आहे."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलते." गिऱ्हाईक म्हणतं, भाऊ, काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं. भाऊ मशीन उघडतात, आतून चिमट्याने वाळलेला चिवडा काढतात आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतात.

आणि एक नियम आहे. दुरुस्त झालेलं वाद्य ज्याचं त्यानेच यायचं, दुकानात बसायचं, भाऊंसमोर वाजवायचं आणि मगच न्यायचं. मालकाचा भाऊ, नोकर, ड्रायव्हर कोणी चालत नाही. कुरियर तर नाहीच नाही. एकदा बंगळुरूहून एक तरुण विमानाने आला. त्याला वाजवताच येत नव्हतं, जुनं मशीन दिवाणखान्यात शोभेला हवं होतं. भाऊंनी त्याला समोर बसवून सारेगम शिकवली. संध्याकाळी तो मुलगा एकदाचा सरळ सा ते सा गेला, तेव्हा त्याचं मशीन त्याला मिळालं. जाताना पाया पडून गेला, ते आदराने की सुटकेने, देव जाणे.

वाद्य देण्याच्या दिवशी सकाळी भाऊ स्वतः त्याची एकेक पट्टी दाबून बघतात. खालपासून वरपर्यंत, एकही न गाळता. आमच्या इमारतीला गजराची गरज पडत नाही.

या सगळ्या पसाऱ्यात वरच्या फळीवर एक कीबोर्ड होता, गोधडीत गुंडाळलेला. त्याच्यावर दुसरं काही ठेवायची कोणाला मुभा नव्हती. मी एकदा पिशवी टेकवली तर भाऊंनी ती उचलून माझ्या हातात दिली. तो वासुदेवचा.

वासुदेव आणि भाऊ लहानपणापासूनचे मित्र. दोघांचा ऑर्केस्ट्रा होता. वासुदेव वाजवायचा, भाऊ मशीनं सांभाळायचे. भीमजयंतीच्या दिवसांत यांना एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला उसंत नसायची. मग एकदा कन्हानच्या कार्यक्रमात, ऐन गाण्यात, वासुदेवचा कीबोर्ड मुका झाला. आदल्याच आठवड्यात भाऊंनी तो दुरुस्त केलेला. वासुदेवने सगळ्या पब्लिकसमोर माइकवर सांगितलं, "ही ऐका आमच्या मेश्रामची दुरुस्ती." लोक हसले. भाऊ स्टेजवर चढले आणि त्याच माइकवर म्हणाले, "तुह्या घराचा उंबरठा चढलो तर नावाचा मेश्राम नाही." वासुदेव काय कमी आहे? म्हणाला, "अन् तुह्या दुकानात पाय टाकला तर मी वाजवणं सोडून देईन."

दुसऱ्या दिवशी वासुदेवने कीबोर्ड ऑटोवाल्याच्या हाती पाठवून दिला. भाऊंनी त्याच आठवड्यात दुरुस्त केला. झालं, गाडी तिथेच अडली. मालकाने दुकानात येऊन वाजवल्याशिवाय वाद्य द्यायचं नाही हा भाऊंचा नियम, आणि मालक दुकानात पाय ठेवणार नाही ही मालकाची शपथ. दोघेही शब्दाचे पक्के. माझं स्पष्ट मत आहे की शब्दाचा पक्केपणा हा एक रोग आहे आणि तो पुरुषांना जास्त होतो. अशी वर्षांवर वर्षं गेली. वासुदेव रामटेककडे आपल्या गावी राहायला गेला, ऑर्केस्ट्रा मोडला, गोधडी मात्र दर दिवाळीला धुतली जायची.

यंदा होळीच्या सुमारास बातमी आली की वासुदेवला लकवा मारला. जीव वाचला, पण डावा हात गेला आणि गुडघे धड वाकत नाहीत. भाऊंना ही बातमी मीच सांगितली. माझ्या शाळेतले एक शिक्षक त्याच गावचे, त्यांच्याकडून कळली होती. भाऊंनी हातातली सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली आणि विचारलं, "उजवा चालते ना?" मी म्हटलं, चालतो म्हणे. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कामाला लागले. मला राग आला. इतकी वर्षं ज्याची गोधडी धुतली त्या माणसाला बघायला जावंसंसुद्धा वाटू नये?

आणि मे लागताच या गृहस्थांनी तंबूचं खूळ काढलं.

मोटारसायकलवर नेता येईल असा तंबू हवा होता. सीताबर्डीला गिर्यारोहणाच्या सामानाचं एक दुकान आहे, त्याच्या मालकाचा जुना अॅम्प्लिफायर भाऊंनी जिवंत केलेला. त्यामुळे तो बिचारा एकामागून एक तंबू घरी न्यायला देत होता आणि भाऊ एकामागून एक परत करत होते. पहिला हेल्मेटला टेकला म्हणून बाद. दुसरा उंच होता, पण त्याला दार एकच. "एक दार चालत नाही ताई. दोन पाहिजे, आमनेसामने." मी म्हटलं, एकट्या माणसाला दोन दारं कशाला? तर म्हणाले, "हवा."

तिसऱ्याला दारं दोन होती, पण तो खुंट्या ठोकल्याशिवाय उभा राहत नव्हता. गच्चीत खुंट्या कुठे ठोकणार? भाऊंनी त्याच्या दोऱ्या माझ्या मोगऱ्याच्या कुंडीला बांधल्या. संध्याकाळी वावटळ आली. तंबू फुगला, कुंडीसकट उडाला आणि शेजारच्या बंगल्यातल्या वकीलसाहेबांच्या धुतलेल्या गाडीवर जाऊन बसला. मोगरा गेला. भाऊ म्हणाले, "खुंटीवाला बादच. खुंटी ठोकताच येत नाही ना तिथं." तिथं म्हणजे कुठं, हे मी मोगऱ्याच्या दुःखात विचारायचं विसरले.

मग ते गांधीबागेत कापडाच्या ठोक बाजारात गेले, तंबू शिवूनच घ्यावा म्हणून. बोटांनी कापड चोळून चोळून त्यांनी तिथला एक शेटजी इतका हैराण केला की तो शेवटी म्हणाला, "भाऊ, पंगत किती मानसांची आहे ते सांगा, मांडववाल्याचा पत्ता देतो." मग सीताबर्डीहूनच आणलेला चौथा तंबू सगळ्या परीक्षांत पास झाला, तर घडी केल्यावर लांब पडला. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर आडवा येत होता.

"अहो, मागची सीट रिकामीच तर आहे," मी म्हटलं.

"रिकामी कशी? पॅसेंजर आहे," भाऊ म्हणाले आणि खाली गेले.

मी ही गोष्ट फक्त आमच्या ह्यांना सांगितली. दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला माहीत होतं की मेश्रामभाऊ या वयात लग्न करून राहिले आणि बाईला तंबूत ठेवणार आहेत. कोणी म्हणे लडाखला जाणार, कोणी म्हणे पचमढीला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी तर साडी कोणत्या रंगाची द्यावी हेसुद्धा विचारून घेतलं.

शेवटी पाचवा तंबू आला. हेल्मेटला टेकला नाही, दारं समोरासमोर दोन, काड्या वाकवल्या की खुंटीशिवाय आपल्या पायावर उभा, आणि घडी करून पेट्रोलच्या टाकीवर मावणारा. भाऊ त्यात दुपारभर बसून आले. घामाने निथळत होते, पण चेहरा असा की बोर्डात आलेला मुलगा. "ताई," ते म्हणाले, "येत्या रविवारी रिकाम्या आहात का? साक्षीदार लागते एक. तुम्ही मास्तरीण, तुमच्या शब्दाले वजन आहे."

"कशाला साक्षीदार?"

"मी उंबरठा चढलो नाही म्हणून सांगायले."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. विज्ञान शिकवते मी.

रविवारी सकाळी, उजाडता उजाडता, सगळी इमारत एकेका सुराने जागी झाली. खालपासून वरपर्यंत, एकही पट्टी न गाळता. मी चहा घेत मोजत नव्हते, पण कान सवयीचे झालेत. कुठे एखादा सूर गळला असता तर कळला असता. मग भाऊंनी गोधडीतला कीबोर्ड मागच्या सीटवर उभा बांधला, टाकीवर तंबू, एका बाजूला स्टूल आणि हँडलला हत्यारांची लाल पेटी. ती पेटी ते लग्नाच्या जेवणालासुद्धा घेऊन जातात. मागून मी माझ्या स्कूटरवर. गॅलरीतून आजींनी पॅसेंजर पाहिला आणि त्या आत निघून गेल्या.

कन्हानचा पूल ओलांडल्यावर आम्ही चहाला थांबलो. भाऊंनी बशीत चहा ओतला.

"टाका माहाच होता, ताई," ते म्हणाले. सोल्डरिंगच्या जोडाला ते टाका म्हणतात. "मशीन उघडलं त्याच दिवशी दिसलं. कच्चा राहिला होता. वासुदेव बरोबर बोलला."

"मग त्याच दिवशी जाऊन सांगायचं होतं."

"कसं सांगणार? उंबरठा चढणार नाही म्हणून बसलो होतो ना."

मी त्यांच्या चहाचेही पैसे देऊन टाकले.

वासुदेवच्या घरासमोर मोठं अंगण होतं, त्याच सकाळी सारवलेलं. तिथं खुंटी ठोकली असती तर वासुदेवच्या बायकोने आम्हा दोघांना जिवंत सोडलं नसतं. भाऊंनी अंगणाच्या मधोमध तंबू उभा केला, एक दार घराकडे, एक रस्त्याकडे. वहिनी दारात येऊन पाहत राहिल्या. "भाऊजी, आत या ना. उन्हात काहून बसून राहिले?"

"इथंच बरा आहे, वहिनी. फक्त एक वायर देतो, आत लावून द्या."

वायर उंबरठ्यावरून गेली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वायरीने शपथ घेतली नव्हती. तेवढ्यात काठी टेकत वासुदेव बाहेर आला. उंच माणूस. भाऊंपेक्षा बरोब्बर एका हेल्मेटाएवढा उंच. त्याने तंबूकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं.

"जयभीम," भाऊ म्हणाले.

"जयभीम. सर्कस आणली का बे?"

"ना तुह्यं घर, ना माह्यं दुकान. तू तिकडच्या दारानं ये, मी इकडच्या दारानं येतो."

मला वाटलं, वासुदेव फिरतो मागे. मग त्याने वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला, वाकून घराकडच्या दाराने आत गेला आणि स्टुलावर बसला. डोकं कापडाला टेकलं नाही. भाऊ रस्त्याकडच्या दाराने शिरले, त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि गोधडी सोडली.

"टाका माहाच कच्चा होता," भाऊ म्हणाले.

"मले माहीत आहे," वासुदेव म्हणाला. "माइकवर बोलायले नाही पाहिजे होतं मी."

एवढंच. एवढ्यासाठी दोघांनी अर्धं आयुष्य घालवलं. मला दोघांच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि रडूही आलं.

वासुदेवने उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. बोटं आधी अडखळली, मग त्यांना रस्ता सापडला. जयंतीला वाजवायचा ती चाल. वहिनी उंबरठ्यावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. चाल वर चढली, आणि वरच्या सा वर हात पडला तर काहीच वाजलं नाही. वासुदेवने पुन्हा दाबून पाहिलं. पट्टी मुकी.

"हे बोलत नाही," तो म्हणाला.

भाऊंनी वाकून पाहिलं. "राहून गेलं वाटते. पुढच्या रविवारी येऊन करून देतो."

"आत्ताच कर ना. पेटी नाही आणली?"

"विसरलो."

रस्त्याकडच्या दारातून मोटारसायकल समोरच दिसत होती. हँडलला लाल पेटी लटकत होती. वासुदेवने पेटीकडे पाहिलं. मग भाऊंकडे पाहिलं. भाऊ गोधडीची घडी घालत होते.

"हाव," वासुदेव म्हणाला, "ये मंग रविवारी. अन् तंबू कशाले काढतं? राहू दे इथंच."

साक्षीला मला नेलं होतं. उंबरठ्याचं कोणी विचारलं असतं तर छातीवर हात ठेवून खरं सांगितलं असतं. सकाळी वाजलेल्या त्या पट्टीचं मला कोणी विचारलं नाही.