बिस्किटवर बसून मान हलवायची नाही

"रिंगणाच्या मधोमध थांबायचं, हॅट काढायची आणि परीक्षकांकडे बघून मान लववायची. एवढंच तर करायचं होतं!" सरावाच्या पहिल्याच दिवशी आयडेला ओरडत होती. ते ऐकायला तिचा नवरा व्हर्ल जागेवर होता कुठे? हॅट तिच्या पायाशी टाकून तो बिस्किट घोड्यासकट कुंपणापलीकडच्या गवतात पोचला होता.

"घोड्याची चूक नाही," परत आल्यावर व्हर्ल म्हणाला. "दोराचा फास टाकून वासरं पकडायच्या शर्यतीत स्वार तयार झाला की मान हलवतो. मग फाटक उघडतं, वासरू सुटतं आणि मागून घोडा सुटतो. बिस्किटनं जन्मभर हेच केलंय."

"आणि हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलायला देतेस कुठे?"

यंदा व्हर्लच्या गुडघ्याने संप पुकारला आणि डॉक्टरांनी त्याच्या शर्यती बंद केल्या. तेव्हापासून व्हर्ल ओसरीवर आणि बिस्किट तबेल्यात, दोघे सारखेच तोंड पाडून बसले होते. बसून खाणारा घोडा वायोमिंगमध्ये कुणी पोसत नाही. शेजारचा हॉइट तर त्याला विकत घ्यायला, उपवर मुलीला मागणी घालायला यावं तसा भांग पाडून येऊन गेला होता.

आयडेलाने तरुणपणी एका जर्मन गुरूकडे ड्रेसाज, म्हणजे घोड्याला नुसत्या इशाऱ्यावर डौलात चालवायची कला, शिकली होती. ताठ पाठ, हलका लगाम, मोजून टाकलेलं पाऊल. यंदाच्या जत्रेत काऊबॉयच्या खोगिरावर बसून ड्रेसाज करायची स्पर्धा होती. तीत दोघांचं नाव घालून तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं, "माझी अब्रू न घालवता एवढं पार पाडलंस तर बिस्किट राहील. नाहीतर जत्रेहून थेट हॉइटकडे."

घोड्याची सवय मोडायला वेळ नव्हता, म्हणून तिने नवऱ्याची मोडायला घेतली. हॅट काढायची, पण मान ताठ. व्हर्ल दिवसभर मानेवर गळू झाल्यासारखा वावरू लागला. खाणावळीत "कॉफी आणखी हवी का?" म्हटलं तरी मान हलेना, आणि वाढणारी पोरगी किटली घेऊन पुढे जाई. रस्त्यात कुणी मान हलवून ओळख दाखवली तर हा खांबासारखा उभा. "आयडेलाच्या ड्रेसाजनं शिष्ट झाला बिचारा," असं गाव म्हणू लागलं.

जत्रेच्या दिवशी परीक्षक म्हणून डेन्व्हरच्या ओस्टरहाउटबाई आल्या होत्या. त्या हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. बिस्किट नव्या नवरीसारखा जपून पावलं टाकत मधोमध येऊन थांबला. व्हर्लने हॅट काढली. मान तसूभर हलली नाही. आयडेलाने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग रीतीप्रमाणे ओस्टरहाउटबाईंनी मान हलवून नमस्काराचा स्वीकार केला.

ह्याचा विचार कुणीच केला नव्हता. एवढ्या मोठ्या बाईंनी मान दिल्यावर व्हर्लने काय करावं? आईने लावलेलं वळण आड आलं. त्याने मान हलवली.

बिस्किटने ठेंगणं पांढरं कुंपण ओलांडलं, परीक्षकांच्या टेबलावरचं सरबत बाईंच्या अंगावर उडवलं आणि तो सुटलेलं वासरू शोधू लागला. पलीकडे मुलांची वासरं नटूनथटून बक्षिसाला उभी होती. त्यातलं रिबीन बांधलेलं एक त्याने बरोब्बर वेगळं काढलं, कोपऱ्यात नेलं आणि तो त्याच्यासमोर ऐटीत उभा राहिला.

आयडेलाने तोंड झाकून घेतलं. तेवढ्यात तिला हसणं ऐकू आलं. व्हर्ल डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खदाखदा हसत होता. गुडघा गेल्यापासून तो असा हसलाच नव्हता. तिने तोंडावरचे हात काढले.

"बाद!" ओस्टरहाउटबाई सरबत पुसत म्हणाल्या. "पण इशारा पाहणाऱ्याला दिसू नये आणि घोड्यानं तो तत्क्षणी पाळावा, असं मी शिष्यांना जन्मभर सांगतेय. आज पहिल्यांदा पाहिलं. विकणार का हा?"

"मी आधी विचारलंय!" हॉइट धावत आला.

व्हर्लचं हसू मावळलं. शब्द तो शब्द. तो लगाम पुढे करू लागला.

"विकायला काढलाय कुणी?" आयडेला कडाडली. "बिस्किटला काम आहे."

"कसलं काम?" व्हर्लने चाचरत विचारलं.

"माझं. गुडघा तुझा गेलाय, माझे दोन्ही शाबूत आहेत. मला दोर फेकायला शिकव."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ल उपड्या बादलीवर गुरू होऊन बसला आणि इतक्या दिवसांचं उट्टं काढू लागला. "पाठ कशाला एवढी ताठ? राणीला भेटायला आलीस का? मनगट सोड! अगं, मनगट!"

बिस्किटवर बसलेल्या आयडेलाने दात-ओठ खाऊन, खोगिराला बांधलेल्या दोराचा फास सरावाच्या लाकडी वासरावर फेकला. तो वासराला सोडून व्हर्लच्या खांद्यांवरून उतरला आणि दंडांवर आवळला. फास बसला की मागे सरकून दोर ताणून धरायचा, हे बिस्किटला कुणी सांगावं लागत नव्हतं. तो सरकला. बादली एकीकडे गेली, गुरू दुसरीकडे.

दोर सैल करायला व्हर्ल धडपडत उठून पुढे आला, तसा बिस्किट आणखी मागे गेला. व्हर्ल पुढे, बिस्किट मागे, अशी वरात कुरणभर निघाली.

"थांबवू कसा याला?" आयडेला किंचाळली. "ते शिकवलंच नाहीस!"

"थांबवू नकोस!" तोंडातलं गवत थुंकत व्हर्ल आनंदाने ओरडला. "दोर बघ कसा ताठ धरलाय! आणि असला घोडा तू हॉइटला देत होतीस!"