पिवळं शून्य

घानातलं हे अख्खं कुमासी शहर पालथं घातलंत तरी माझ्या रक्ताइतकं भरवशाचं शून्य मिळायचं नाही, असं डॉ. सेरवा छातीठोकपणे सांगायच्या. त्यांच्या प्रयोगशाळेत गरोदर बायकांसाठी एक रक्तचाचणी तयार होत होती. वाढीचा संदेश घेणारा एक रिसेप्टर पेशींपासून सुटून रक्तात फिरतो. गरोदरपणात तो वाढतो, आणि जिचं ब्लडप्रेशर पुढे जिवावर बेतणार असतं तिच्यात तर बेसुमार वाढतो. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या बारीक खळग्यांत चिकटवलेल्या अँटिबॉडी त्याला धरून ठेवतात. जेवढा सापडेल तेवढा खळगा शेवटी पिवळा. तुलनेला मात्र एक कोरा, शून्याचा खळगा लागतो, म्हणजे गरोदर नसलेल्या कुणाचं तरी रक्त.

“लग्नाला अकरा वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. माझ्याहून पक्कं शून्य कोण?” असं म्हणून सेरवा हसायच्या. बाकीचे तेवढ्यापुरते खाली बघायचे.

शुक्रवारी प्रसूती वॉर्डच्या मोठ्या डॉक्टरीणबाई चाचणी बघायला येणार होत्या. पसंत पडली तर वॉर्डात सुरू, नाहीतर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. फ्रीजरमधलं जुनं रक्त संपलं म्हणून सोमवारी सेरवांनी ताजं दिलं, आणि शून्याचा खळगा पिवळाधमक!

पहिला संशय दुधावर गेला. खळग्यात नको ते चिकटू नये म्हणून प्लेट आधी दूधपावडरच्या पाण्यात भिजवतात, आणि त्याच डब्यातली पावडर वोफा बादूंच्या चहात जाते हे जगजाहीर होतं. वोफा म्हणजे मामा. साठीच्या या तंत्रज्ञांना सगळे तसंच म्हणत. डब्याला कुलूप लागलं. मंगळवारी खळगा तितकाच पिवळा. मग प्लेट धुण्याचं पाणी बदललं. मग सेरवांना तळलेल्या मासळीचा वास सहन होईना, तेव्हा त्याच वासाने प्लेट बिघडते असं ठरवून त्यांनी जेवणाच्या डब्यात मासळी आणायला बंदी घातली. वासाने प्लेट बिघडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, पण बाईंना सांगणार कोण?

बुधवारी वोफा अडखळत म्हणाले, “मॅडम, तुमच्या रक्ताला जरा रजा द्या. माझं घ्या.”

“म्हणजे माझं रक्त म्हातारं झालं म्हणता?”

वोफांनी त्यांच्या हातातली बर्फाची जड पेटी काढून घेतली. बेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कोणी म्हातारीसारखं वागवावं, याचा सेरवांना भयंकर राग आला.

गुरुवारी वोफांनी त्यांच्यासमोर दोघांचं रक्त शेजारी शेजारी लावलं. दूध तेच, पाणी तेच, हात तोच. वोफांचा खळगा पाण्यासारखा स्वच्छ. सेरवांचा पिकल्या पपईसारखा.

“बिघाड माझ्यातच आहे तर,” सेरवा हळूच म्हणाल्या.

वोफांनी खुर्ची पुढे सरकवली. “बसा. पिवळेपणाचा आकडा भिंतीवरच्या तक्त्यावर लावून बघा. असल्या गोष्टी आपण तोंडाने बोलत नसतो. दृष्ट लागते.”

तक्ता गरोदर बायकांचा होता. सेरवांचा आकडा बरोबर दुसऱ्या महिन्यात जाऊन बसला, धोक्याच्या रेषेच्या कितीतरी खाली. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. मग ॲप्रनचं टोक तोंडावर घेऊन त्या एवढ्या रडल्या, की वोफांनी कुलपाची किल्ली मागून घेऊन त्यांना दुधाचा चहा करून दिला.

“कधीपासून माहीत होतं?”

“मासळी बंद केलीत ना, तेव्हापासून. आमच्या हिने चार वेळा बंद केली होती.”

शुक्रवारी चाचणी पहिल्याच फटक्यात पसंत पडली. वही चाळताना डॉक्टरीणबाई एका ओळीवर थांबल्या. “शून्याचं रक्त बदललंत. कारणाच्या रकान्यात हे काय?”

तिथे सेरवांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मार्चमध्ये कळेल.’

डॉक्टरीणबाईंनी एकदा सेरवांकडे पाहिलं, त्याखाली सही केली आणि त्याही काही बोलल्या नाहीत.