अण्णा साळव्यांचं स्टेशन

अण्णा साळव्यांच्या दुकानात बिजागरी मागायला गेलात, की पहिलं उत्तर मिळायचं, "थांबा, सिग्नल पडलेला नाय."

नवखा माणूस बावरून मागे बघायचा. मागे महाडची बाजारपेठ. एखादी बैलगाडी, चिखल, समोरच्या वखारीत पेंगणारा हमाल. सिग्नल कुठे दिसायचा नाही. मग दुकानाच्या आतल्या अंगाला, खिळ्यांच्या पेट्यांमागे, मच्छरदाणीत डोकं खुपसून बसलेले अण्णा दिसायचे. हातात चिमटा, डोळ्याला भिंग, ओठांत काडेपेटीची काडी. थोड्या वेळाने ते बाहेर येत, हात झटकत आणि म्हणत, "हां. लाइन क्लिअर. काय पायजे?"

ही साठ सालानंतरची गोष्ट. महाडला तेव्हा रेल्वे नव्हती. रेल्वे बघायची तर आधी एस.टी.त बसून हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत. पण महाडला स्टेशन होतं. ते अण्णांच्या मच्छरदाणीत होतं.

अण्णांचा भाचा बोटीवर होता. एकदा येताना त्याने विलायतेहून एक खोका आणला. आत प्लॅस्टिकचे बारीकबारीक तुकडे, चिकटवायची एक ट्यूब आणि इंग्रजी कागद. तुकडे कागदात सांगितल्याप्रमाणे जोडले की हातभर लांबीचं रेल्वे स्टेशन तयार होणार. भाच्याला वाटलं, मामा आठ दिवस खेळेल आणि विसरेल. मामाने दुसरा खोका मागवला. मग सिग्नलांचा, मग मालधक्क्याचा, मग पादचारी पुलाचा. सगळं एका फळीवर मांडलेलं, आणि धूळ बसू नये म्हणून वरून मच्छरदाणी सोडलेली.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि त्यांच्याच माडीवर भाड्याने राहत असे. त्यामुळे कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचायचो, "सात नंबरचा तुकडा आठ नंबरला जोडावा." अण्णा विचारपूर्वक ऐकायचे आणि सात नंबरचा तुकडा फेकून द्यायचे.

"अहो, ते धुराडं आहे!"

"म्हणूनच. महाडच्या स्टेशनात शेगडी कोण पेटवणार, मास्तर? घामाने माणूस आधीच भिजतोय. लिहिणाऱ्याला आपली हवा ठाऊक नाय."

धुराडं गेलं. छपराला कौलांचा रंग आला. फलाटाच्या टोकाला काडेपेटीच्या लाकडाची चहाची टपरी उभी राहिली. खरा प्रश्न माणसांचा होता. खोक्यातून आलेली माणसं करंगळीच्या नखाएवढी, आणि सगळी साहेब नि मडमा. अण्णांनी कानस घेतली आणि एकेकाची हॅट तासायला सुरुवात केली. पुरुषांना धोतरं रंगवली. मडमांना पतंगाच्या कागदाची लुगडी नेसवायची ठरलं, आणि तिथे वहिनींना बोलवावं लागलं.

वहिनी म्हणजे अण्णांची बायको. या सगळ्या प्रकाराला त्या 'ह्यांचा पोरखेळ' म्हणत. पण अण्णांनी नेसवलेलं पहिलं लुगडं पाहिल्यावर त्यांना राहवेना.

"काष्टा असा असतो काय? चार पावलं चालली तर सुटंल बिचारीचा!"

"ती चालणार नाय. ती गाडीची वाट बघत उभी आहे."

"उभ्या बाईची अब्रू नसते वाटतं?" असं म्हणून वहिनींनी सुईच्या टोकाने ते लुगडं सोडलं आणि नीट नेसवलं. त्यानंतर फलाटावरच्या सगळ्या बायका वहिनींच्या ताब्यात गेल्या. एका साहेबासोबत आलेलं कुत्रं मात्र होतं तसंच राहिलं. "कुत्रा कुठल्याही देशाचा चालतो," हा अण्णांचा निर्णय.

मधेच ट्यूब संपली. अण्णांनी सुताराचा सरस लावून पाहिला. तो प्लॅस्टिकला चिकटेना. नवी ट्यूब येईपर्यंत तिकीट देणारा बाबू महिनाभर मुंडक्याशिवाय बसला होता. मी म्हटलं, "अण्णा, निदान रुमाल तरी टाका त्याच्यावर." अण्णा म्हणाले, "राहू दे. खिडकीशी गेलात तर काय फरक कळत नाय."

सगळ्यात मोठा प्रश्न विचारायची चोरी होती. पण विचारणारे विचारायचेच. "अण्णा, स्टेशन झालं, गाडी कुठाय?"

"येईल की. पाहुणा दारात आल्यावर घर सारवता काय तुम्ही?"

स्टेशन नक्की कुठे होणार हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. नदीपलीकडची एक भातखाचरांची पट्टी त्यांनी फळीवर हिरव्या भुश्याने दाखवली होती. ही बातमी कशी कोण जाणे त्या खाचरांच्या मालकाच्या कानावर गेली. एका बाजाराच्या दिवशी तो गडी डोक्यावरची घोंगडीही न काढता दुकानात शिरला.

"अण्णा, माज्या खाचरात टेसन बांधताव म्हनं?"

अण्णांनी त्याला आत नेलं. त्याने बराच वेळ वाकून पाहिलं. "ह्यो बांध माजा. ह्यो आंबाबी माजाच. आनि हितं तुमचा मालधक्का! मी खायाचं काय?"

मी हसू दाबत होतो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी मालधक्का उचलला आणि दोन बोटं डावीकडे सरकवला. "आता?"

"आता ब्येस," म्हणत तो माणूस समाधानाने निघून गेला. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "लोकांना विचारून केलं की कामं अडत नायत, मास्तर."

दोन बाबतींत मात्र अण्णा कोणाचं ऐकत नसत. एक, स्टेशनाला हात लावायचा नाही. शाळेचे हेडमास्तर आले होते, त्यांनाही हात पाठीमागे बांधून बघावं लागलं. दुसरी, रेल्वेचे नियम. सिग्नल कुठे, सांधा कुठे, झेंडीवाला कुठल्या बाजूला, यात सूतभर चूक चालायची नाही. याला कारण होतं. अण्णा तरुणपणी मुंबईला रेल्वेत सांधेवाले होते. पुढे वडील गेले, दुकान बघायला कोणी नव्हतं, म्हणून नोकरी सोडून आले. त्या दिवसांबद्दल ते नियमांपलीकडे काही बोलत नसत.

एका वर्षी आळीच्या गणपतीपुढे अण्णांचं स्टेशन मांडायचं ठरलं. अण्णा आठ दिवस दाढी करायला विसरले. गणपतीला दोन दिवस उरले असताना काम पुरं झालं. दुपारी मला खाली बोलावलं, मच्छरदाणी वर केली आणि म्हणाले, "बघा. आता एक टाचणीसुद्धा हलायची नाय."

एवढ्यात बाहेर पाऊस कोसळायला लागला आणि दोन बायका दुकानात आडोशाला आल्या. एक म्हातारी आणि तिची सून. दोघी पोलादपूरकडच्या कापडे गावच्या. दाराला कडी-कोयंडा घ्यायला आल्या होत्या. घाटात दरड आल्यामुळे एस.टी.चा पत्ता नव्हता. म्हातारीच्या डोळ्यांत पांढरं पडलेलं होतं. तिला अजिबात दिसत नव्हतं.

कडी-कोयंडा बांधून देता देता अण्णांनी सहज विचारलं, "मुंबईवाले आले की नाय गणपतीला?"

म्हातारी म्हणाली, "सगल्यांचं आलं. आमचा शिरपत नाय. रजा नाय गावली त्याला. रेलवेत हाय ना."

"रेल्वेत? काय काम करतो?"

"सांदं बदलतो म्हनं. सांदा म्हंजी काय रं बाबा? मी त्याला इचारलं, तर हसतो नि म्हनतो, तुला नाय कळायचं गो आये."

सून मच्छरदाणीकडे बघत हळूच म्हणाली, "आत्याबाय, हितं रेलवेचं टेसन हाय. ल्हानसं. लय सोबिवंत क्येलंय." म्हातारीने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"हात द्या, आई," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. अण्णांनी तिची काळी, खरबरीत बोटं आपल्या हातात धरली आणि अलगद फळीवर नेली. "हा फलाट. इथं गाडी थांबते. ही कौलं. ही बाई पेटी घेऊन उभी आहे." म्हातारीची बोटं लुगड्यांवरून, टपरीवरून, कुत्र्यावरून फिरली. तिच्या तोंडावर हसू यायला लागलं. जन्मभर भात लावलेली बोटं ती. त्यांना जपणं ठाऊक होतं, पण प्लॅस्टिक ठाऊक नव्हतं. पुलाचा जिना कट्‌कन मोडला.

म्हातारी दचकली. "काय मोडलं रं?"

"काय नाय," अण्णा म्हणाले. "फळीवर काटकी पडली होती. चला पुढं."

त्यांनी तिचं बोट रुळांवर ठेवलं. एका रुळाचे दोन होतात त्या जागी. "हा सांधा. गाडी इकडं जायची का तिकडं, ते इथं ठरतं. हा दांडा ओढायचा. तुमच्या शिरपतने ओढला, की गाडी बरोबर वाटेला लागते. नाय ओढला तर आतली सगळी माणसं अडकून पडतात."

"एवढी मानसं?" म्हातारीचा आवाज बारीक झाला. "आनि शिरपत कुठं उबा ऱ्हातो?"

दांड्याशेजारी एक नखाएवढा माणूस उभा होता. अण्णांनी तिचं बोट त्याच्या डोक्यावर टेकवलं. "हा."

तिने त्याला बराच वेळ चाचपलं. मग तिचं बोट त्याच्या डोक्याच्या वर हवेत फिरायला लागलं. इकडून तिकडे, पुन्हा इकडे.

"हितं तं काय लागत नाय रं. फलाटाला छप्पर हाय, समद्यांना हाय. माज्या पोराच्या डोईवर काय नाय? पावसात भिजतो काय त्यो?"

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"छप्पर असतं, आई," ते म्हणाले. "चांगलं पक्कं असतं. माझं तेवढं बसवायचं राहिलंय."

"बसव रं बाबा."

"बसवतो."

पाऊस ओसरला, एस.टी. आल्याची हाक कोणी तरी दिली. अण्णांनी स्वतः छत्री धरून दोघींना स्टँडपर्यंत पोचवलं. परत आले ते धोतर पिळत आणि सरळ मच्छरदाणीत शिरले. त्यांनी मोडलेल्या जिन्याकडे पाहिलंही नाही. मालधक्क्याचं छप्पर उचकटलं आणि त्याचा एक तुकडा कानसायला घेतला.

मी विचारलं, "अण्णा, सांधेवाल्याला खरंच छप्पर असतं?"

"छे. कुठलं छप्पर?" ते मान वर न करता म्हणाले. "गोणपाटाची खोळ घ्यायची डोक्यावर नि उभं राहायचं. रात्रभर पाणी मानेवरून खाली उतरतं. पोटऱ्यांपर्यंत उतरलं, की मग त्याचं काय वाटत नाय." ट्यूब पिळून त्यांनी बारीकसा थेंब काढला. "मी पण आयेला छप्पर आहे असंच सांगितलं होतं. ती होती तोवर दर गणपतीत विचारायची."

गणपतीत आळीत ही गर्दी उसळली. मोडक्या जिन्यापाशी अण्णांनी 'काम चालू आहे' अशी चिठ्ठी लावली होती. लोक ती वाचून खो खो हसत होते आणि अण्णा खुशीत होते. तिसऱ्या दिवशी मुंबईहून आलेला एक पँटवाला पाहुणा पुढे झाला. रेल्वेत असावा. त्याने सगळं बारकाईने पाहिलं, मान डोलावली आणि मग सांध्यापाशी बोट दाखवलं.

"काका, बाकी सगळं फस क्लास. पण हे चुकलं. सांधेवाल्याच्या डोक्यावर असं छप्पर कुठंच नसतं."

नियमाच्या बाबतीत अण्णांना कोणी चूक म्हटलं, की मग गणपती विसर्जनापर्यंत वाद चालायचा. पण अण्णांनी खांद्यावरचा पंचा झटकला, त्या एवढ्याशा छपरावर बसलेली गुलालाची धूळ फुंकरीने उडवली आणि शांतपणे म्हणाले,

"महाडला असतं."