चाकं सुटताना

गोविंददादा कुणाशी बोलायला कधी समोर उभा राहत नसे. आठ-दहा हात लांब, तिरका, आणि डावा डोळा मिटलेला. आमची पहिली भेट झाली तेव्हा मला याची कल्पना नव्हती. मी खालापूरच्या कचेरीत नुकताच उमेदवारीला लागलो होतो आणि सभ्यपणाचं वारं अंगात भरलेलं होतं. वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना तोंड त्याच्याकडे करावं, म्हणून मी वळलो. तो सरकला. मी पुन्हा वळलो, तो पुन्हा सरकला. मी जात्यासारखा जागच्या जागी फिरतोय आणि तो माझ्याभोवती. विहिरीवरच्या बायांनी घागरी खाली ठेवल्या.

"का रं गोईंदा," एक म्हातारी म्हणाली, "पिंपळ नाय गावला वाटतं आज?"

गोविंददादा थांबला. मला म्हणाला, "समोरून समदी विमानं सारखीच दिसतात. तिरकं बघावं. मंग कळतं पंख केवढं, शेपूट कसं."

"पण मी विमान नाही," मी म्हणालो.

"ते दिसलं मला," असं म्हणून तो निघून गेला.

त्याचं घर आमच्यापासून दोन दारं सोडून. पण तो इराकात बसऱ्याला गेला तेव्हा मी शेंबडा होतो आणि परत आला तो लढाई संपल्यावर, म्हणून ही ओळख नव्यानं करून घ्यावी लागली. बसऱ्याला तो बंदरावरच्या एका ठेकेदाराकडे गोदामावर होता. तिथून विमानतळ चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्याच शुक्रवारी सुटीला हा फिरत फिरत तिकडे गेला, तारेच्या कुंपणाला नाक लावलं, आणि पुढची वर्षं प्रत्येक शुक्रवारी ते नाक तिथंच राहिलं. पहिल्या पगारातून लोकांनी घरी खजूर पाठवला. यानं डब्यासारखा एक कॅमेरा घेतला, पोटाशी धरून वरून वाकून बघायचा असतो तसला. इंग्रजांचं विमान, डचांचं विमान, पाण्यावर उतरणारं विमान, जे दिसेल ते. एकदा बहारीनला मालाबरोबर पाठवलं तर माल बंदरात टाकून हा तिथल्या विमानतळावर.

एकदा पहारेकऱ्यानं धरलं. चांगला सहा फुटी अरब. "फोटो कशाला काढतोस?" असं त्यानं दरडावून विचारलं. गोविंददादानं नुसता कॅमेरा त्याच्यापुढे धरला. शेवटी त्या पहारेकऱ्यानं पोट आत घेतलं, बंदूक सरळ केली आणि स्वतःच विमानापुढे उभा राहिला. तो फोटो मी पाहिला आहे. विमान कुठेही दिसत नाही. मिशा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"चाकं सुटली" हे त्याचं पालुपद. विमान धावपट्टीवर कितीही धावलं तरी ते जमिनीचंच असतं, आणि एकदा वर गेलं की आभाळाचं. मधला जो एक क्षण, चाकं भुईपासून सुटतात तो, तेवढाच फोटो काढण्यासारखा, असं त्याचं मत. तेच त्यानं सगळ्या जगाला लावलं होतं. चहाला उकळी आली की "चाकं सुटली." भांडणात पहिली शिवी पडली की "सुटली रं." कचेरीत आमचे हेडक्लार्क खुर्चीतून नुसते उठू लागले तरी मला ते ऐकू यायला लागलं आणि मी भलत्या वेळी हसायला लागलो. त्या हसण्यानं माझी नोकरीत कायम होण्याची गोष्ट चांगली लांबणीवर पडली.

आभाळात घरघर झाली की मात्र तो कुणाचा नसे. आमच्या डोक्यावरून पुण्याकडे एखादं विमान जाई. ते गेलं की गावातलं एक काम अर्धवट राहिलंच म्हणून समजा. शेजारच्या लग्नात त्याच्या हातात अंतरपाटाचं एक टोक दिलं होतं. तिसरी मंगलाष्टका चालू असताना यानं कान टवकारले, टोक सोडलं आणि मांडवाबाहेर पळाला. अंतरपाट खाली, नवरानवरी एकमेकांकडे टकमका बघताहेत, आणि भटजींनी घाईघाईनं "सावधान" उरकलं. बाहेर जाऊन पाहतो तर खोपोलीचा घाट चढणारी मालाची लॉरी.

"दोन इंजिनाचं हाय म्हणून वाटलं," तो म्हणाला.

आता माझ्या बहिणीची गोष्ट. यमूला पुण्याकडून एक स्थळ आलं. मुलगा खडकीला कारखान्यात, पगारी. त्यांच्याकडून निरोप आला की आधी मुलीचा फोटो पाठवा, पसंत पडला तर बघायला येऊ. आईला हा प्रकार मुळीच पटला नाही. "जितीजागती पोर हाय घरात, कागद कशाला बघायचा?" पण मी शिकलेला. मी छातीठोकपणे कळवून टाकलं की फोटो आठवड्यात पाठवतो. मग ध्यानात आलं की कर्जतच्या बाजारात फोटोवाला येतो तो जत्रेच्या दिवसांत, आणि सगळ्या पंचक्रोशीत कॅमेरा एकच.

"मानसांचं काढत नाय मी," गोविंददादा म्हणाला.

"विमान समजून काढ," मी म्हणालो. "यमूला काय कळतंय!"

त्यानं कॅमेरा उलटा करून मागचा आकडा बघितला. मग म्हणाला, "फिल्ममधी एकच फोटो उरलाय. आन् नवी फिल्म मिळत नाय आता. मुंबईला दोनदा जाऊन आलो." मी त्याच्या हातापाया पडलो. अखेर तो कबूल झाला.

रविवारी सकाळी आईनं यमूला सजवलं. शेजारणीची नथ, मामीची ठुशी, कडक खळीचं लुगडं. यमू अशी ताठ बसली की शेजारचं पोर तिला बघून रडायला लागलं. मागे गोठा दिसायला नको म्हणून पांढरी चादर धरायची होती, ते काम मी अंगावर घेतलं. गव्हाणीच्या काठावर चढलो आणि दोन्ही हातांनी चादर वर धरून उभा राहिलो. गोविंददादा अंगणाच्या पार कडेला, तिरका, कॅमेऱ्याच्या पेटीवर वाकलेला.

"झालं का?" मी विचारलं.

"नाय अजून."

ऊन अंगणातून सरकलं. माझे हात भरून आले. यमूच्या कपाळावर घाम.

"आरं दाब की ते!" आई ओरडली. "भात करपला माझा चुलीवर!"

"काकी, अजून धावपट्टीवर हाय ती," गोविंददादा पेटीवरची मान न उचलता म्हणाला.

एवढ्यात आमच्या कालवडीला माझ्या धोतराचा सोगा गव्हाणीवर लोंबताना दिसला. तिनं तो तोंडात धरला आणि शांतपणे चघळत मागे सरली. मी एका हातानं चादर आणि एका हातानं धोतर सावरायला गेलो. दोन्ही गेलं. मी चादरीसकट गव्हाणीत उलथा पडलो.

यमू हसली. हसली म्हणजे मान मागे टाकून, नथ सावरायची शुद्ध न राहता, लहानपणी हसायची तशी.

खटकन आवाज झाला. "सुटली!" गोविंददादा म्हणाला.

अंधारासाठी पडवीला घोंगडी लावून त्यानं तो फोटो धुतला आणि दोन दिवसांनी आणून दिला. फोटोत यमू तोंडभर हसते आहे. कोपऱ्यात चादरीचा एक ढीग आहे आणि त्यातून एक पाय आभाळाकडे गेला आहे. माझा आयुष्यातला पहिला फोटो तो. पायच आहे, पण ओळखू येतो.

आईनं फोटो हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"दात?" ती म्हणाली. "लग्नाच्या पोरीचं दात दावतोस? काय म्हनतील त्ये लोक? पोर उंडगी हाय म्हनतील! दुसरा काढ. आत्ताच्या आत्ता."

"फिल्म संपली, काकी."

"संपली?" आई आता खरोखरच भडकली. "जलमभर त्या तिकडं लोखंडाचं फोटो काढत बसलास, तवा नाय संपली? माझ्या पोरीच्या वक्ताला संपली? चांगली बसली व्हती खाली मान घालून, तवा का नाय दाबलंस?"

"तशी बसलेली तुमाला काय करायचीय?" गोविंददादा म्हणाला. त्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "ती त्येंना दावायची. यमू जाईल लग्न हून. मंग तुमाला ही हसनारीच पायजे हुईल."

"मला शिकवतोस व्हय रं?"

"नाय काकी." तो पायरीवर बसला. "मदी एकदा सुटीवर आलो व्हतो ना, लढाईच्या आदी. तवा आई म्हनली, माझा काढ की रं एक. त्या टायमालाबी एकच फोटो उरला व्हता फिल्ममदी. मी म्हनलं, आई, तू कुठं पळून जातीस? मुंबईला बोटीत बसायच्या आदी जुहूच्या धावपट्टीवर इमान बघायचं व्हतं मला. ते काय परत दिसनार नाय. त्येचा काढला." कॅमेऱ्यावरची धूळ बोटानं पुसत तो म्हणाला, "मंग लढाई लागली. आई गेल्याचं मला तिकडं चार म्हैन्यांनी कळलं. इमानं ट्रंकभर हायेत, काकी. आई एकबी नाय."

आई फोटो पदराखाली घेऊन आत गेली.

पुण्याला फोटो गेलाच नाही. फोटो निघाला नाही, प्रत्यक्षच या, असं मी कळवलं. कुणी आलं नाही. पगारी मुलगा हातचा गेला म्हणून मी महिनाभर हळहळलो, कारण खडकीला मेहुणा असला की पुण्याला उतरायची सोय झाली असती. पुढे माघात कशेळ्याची माणसं बैलगाडीतून आली, यमूला बघितलं, तिच्या हातचा चहा प्याली, आणि उठताना सुपारी फोडून गेली.

यमूची पाठवणी झाली आणि आमचं घर एकदम मोठं वाटायला लागलं. "कशेळं काय लांब नाय," असं आई येता-जाता स्वतःशीच म्हणायची. एके सकाळी मी डबा घ्यायला आत गेलो तर ती चुलीपुढे फोटो हातात घेऊन बसली होती. मला पाहून तिनं तो लपवला नाही.

"त्या गोईंदाला जेवायला बोलव," ती म्हणाली.

रविवारी तो आला. आईनं तांदळाच्या भाकरी केल्या होत्या, वालाचं बिरडं केलं होतं. तो नेहमीसारखा खाली बघून जेवला. हात धुतल्यावर आईनं विचारलं, "तुझं ते यंत्र आनलंयस का रं?"

"हाय की. गळ्यातच असतंय."

"मंग माझा काढ एक."

गोविंददादानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "काकी, फिल्म नाय ना त्येच्यात—"

"ठावं हाय मला. तू काढ."

ती पायरीवर जाऊन बसली. डोक्यावरून पदर घेतला, कपाळावरचं कुंकू बोटानं सारखं केलं, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिली. गोविंददादानं पेटी पोटाशी धरली आणि मान खाली घातली. काचेच्या त्या इवल्या चौकोनात तो कितीतरी वेळ वाकून बघत होता. मी दारात उष्टी ताटं घेऊन उभा होतो, पण आत जायचं मला सुचेना.

खटकन आवाज झाला.

"आला का बरा?" आईनं विचारलं.

मान खाली ठेवूनच गोविंददादानं बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "डोळं मिटलं जरा तुमचं."

"मंग परत काढ," आई म्हणाली, आणि पदर सारखा करून पुन्हा बसली.